मेश्राम सरांच्या गळ्यातला स्क्रीन

एखाद्या माणसाचं बोलणं बंद झालं की त्याचे किस्से कमी व्हायला पाहिजेत. आमच्या मेश्राम सरांच्या बाबतीत उलटंच झालं. बोलत होते तोवर त्यांचे दोन-तीनच किस्से होते, तेही सगळ्यांचे पाठ. आवाज गेला आणि दर आठवड्याला नवीन एक जमा व्हायला लागला. आता स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "तो लग्नातला सांग ना." मग एकातून दुसरा निघतो आणि पुढच्या तासाची घंटा कोणालाच ऐकू येत नाही.

नवीन माणसासाठी थोडं सांगतो. आमचं तंत्रनिकेतन छोटं, ब्रह्मपुरीच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून. इलेक्ट्रॉनिक्स शाखेत आम्ही चार जण. मेश्राम सर विभागप्रमुख. कुमरे मॅडम, मूळच्या धानोऱ्याकडच्या, प्रोग्रामिंग शिकवतात. शेंडे, ज्याला प्रत्येक गोष्ट आधीपासूनच माहीत असते. आणि मी लॅबचा इन्स्ट्रक्टर, म्हणजे बिघडलेलं सगळं ज्याच्या टेबलावर येऊन पडतं तो.

सरांना खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून खायची, सवय होती. घशाचं ऑपरेशन नागपूरला झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. सर परत आले ते गळ्याला रुमाल बांधून. संस्थेनं सांगितलं, "प्रॅक्टिकलला बसा. पण आवाजाशिवाय लेक्चर कसं घेणार? सत्राच्या शेवटी कमिटी येऊन बघेल. नाही जमलं तर स्टोअर सांभाळा."

स्टोअर म्हणजे इमारतीची मागची खोली. आत मोडके ऑसिलोस्कोप आणि पाली. ती खोली सरांना दाखवायला मलाच पाठवलं होतं. सर दारात उभे राहिले, आत पाय टाकला नाही, आणि तसेच मागे वळले. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याला ट्रान्झिस्टर शिकवला त्याला पालींच्या हवाली करायचं, हे काही मला पटत नव्हतं. पण माझ्या पटण्याला कोण विचारतो?

*

पहिला तोडगा अर्थातच शेंडेनं काढला.

"सर, मोबाईल हाय ना. त्याच्यावर टाइप करा, तो बोलून दाखवते. इतकं काय टेन्शन घेऊन राह्यले?"

सरांनी लॅबच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पाटी होती. प्रयोगशाळेत मोबाईल आणल्यास जप्त करण्यात येईल. खाली सही सरांचीच.

"नियम तुमीच केला ना सर, मंग तुमीच मोडा."

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, "मीच केला म्हणून मोडत नाई."

"मंग असंच फळ्यावर लिवत जा," शेंडे म्हणाला.

सरांनी पुढे लिहिलं, "आपल्या वर्गाकडे पाठ करून उभं राह्यचं? तू करून दाखव."

पाठ फिरवली की आमच्या वर्गातून काय काय उडत येतं हे शेंडेला अनुभवानं माहीत होतं. तेवढ्यात सरांनी त्याच्यासमोर हात पसरला. शेंडेला वाटलं, हात मिळवायचा आहे. सरांनी त्याचा मोबाईल काढून घेतला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

*

मोबाईल नाही तर काय? जे लॅबमध्ये होतं तेच. मुलांना शिकवायला आणलेले डेव्हलपमेंट बोर्ड होते. काडेपेटीएवढा बोर्ड, त्यातच कंट्रोलर आणि वरच बसवलेला रंगीत स्क्रीन, दोन बोटं रुंद. मुलं त्यावर आपापलं नाव आणायची आणि खूश व्हायची.

कुमरे मॅडमनी त्यातला एक घेतला, एका साबणाच्या डबीत बसवला, डबीला खिडकी कापली, मागे बॅटरी टाकली आणि आयकार्डाच्या नाडीनं सरांच्या गळ्यात अडकवला. वायर शर्टाच्या आतून खिशात, खिशात छोटा कीबोर्ड. सर खिशात हात घालून टाइप करणार, छातीवर अक्षरं उमटणार. टेबलावर सगळं झकास चाललं.

पहिल्या दिवशी सर वर्गासमोर उभे राहिले आणि काहीतरी टाइप केलं. सगळ्या वर्गानं माना वाकड्या केल्या. सरांनी पुन्हा टाइप केलं. माना आणखी वाकड्या. मागच्या बाकावरचा एक जण तर बाकावर उताणा झाला.

झालं असं होतं की टेबलावर तपासताना सर खाली मान घालून वाचत होते आणि आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. सरांना सरळ दिसलं म्हणजे सगळ्यांना सरळ, असं आम्ही चौघांनी धरलं. आता समोरच्याला सगळं उलटं दिसत होतं. चार जण इंजिनियर, एकाच्याही डोक्यात आलं नाही!

वर्गाची अवस्था बघून सर चिडले आणि त्यांनी घाईघाईत हुकूम टाइप केला, "कीप युवर हेड्स स्ट्रेट." तो वाचण्यासाठी सगळ्या वर्गानं माना पूर्ण उलट्या केल्या.

*

अक्षरं सरळ करणं एका ओळीचं काम होतं. ती ओळ शेंडेनं लिहिली आणि आजवर तो सांगतो की डिस्प्ले त्यानं बनवला.

खरा त्रास पुढे होता. बोर्डाला अक्षरं यायची ती फक्त इंग्रजी. त्यामुळे सर इंग्रजीतून रागवायला लागले. सरांचं इंग्रजी सगळं सरकारी पत्रातलं. पोरानं उलटी वायर जोडली की छातीवर यायचं, काइंडली चेक युवर कनेक्शन्स. त्याला कोण भिणार? महिनाभरात लॅबचा बाजार झाला.

आमच्याकडे गौरव नावाचा एक विद्यार्थी आहे. हुशार, पण तोंडाळ. तो मित्राला म्हणाला, "ऑपरेशन झाल्यापासून सर लय चांगले झाले बे. किती इज्जतीनं बोलते."

सरांचे कान शाबूत होते. ते तडक कुमरे मॅडमकडे गेले आणि स्क्रीन पुढे केला. त्यावर होतं, मराठी प्लीज, अर्जंट.

तयार मराठी फॉन्ट आम्ही टाकून पाहिले. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे, वेलांटी तिसऱ्याच घरी. शेवटी मॅडमनी आलेखाचा कागद घेतला आणि एकेक अक्षर चौकटी भरून काढायला बसल्या. बसमध्ये, डब्याच्या सुट्टीत, परीक्षेच्या सुपरव्हिजनला, जिथं बघावं तिथं मॅडम चौकटी भरत होत्या. त्यांना विचारलं, कंटाळा येत नाही का, तर म्हणाल्या, "माह्या गावची मी पहिली इंजिनियर. सरनं मले दोन वर्ष रागावून रागावून पास केलं. तो राग वाया जाऊ द्याचा का?"

मराठी आली त्या दिवशी सर वर्गात शिरले, थेट गौरवसमोर जाऊन उभे राहिले आणि टाइप केलं, "डोकं घरी ठेवून आला का बे?"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त गौरवनं.

*

सरांना आता एकच उणीव वाटत होती. ओरडता येत नव्हतं. कुमरे मॅडमनी सोय केली. एक कळ दाबली की अक्षर मोठं, अजून दाबली की अजून मोठं. सर खूश झाले. पण स्क्रीन दोन बोटांचा. पूर्ण ओरडायचं म्हटलं तर एका वेळी एकच अक्षर मावायचं आणि बाकीची मागून एकेक करत यायची.

एका प्रॅक्टिकलला वैष्णवी नावाच्या मुलीनं मोठा कॅपॅसिटर उलटा जोडला आणि सप्लाय चालू केला. सरांनी ते लांबून पाहिलं. हात हलवत धावले आणि धावता धावता पूर्ण ताकदीनं ओरडले.

छातीवर आलं, "बं".

वैष्णवी म्हणाली, "काय सर?"

"द".

"हां सर, वाचून राह्यली."

"क".

आणि कॅपॅसिटर फटकन फुटला. टेबलावर धूर, सगळ्यांचे कान बंद. धूर विरला तेव्हा सर शांतपणे उभे होते आणि स्क्रीनवर शेवटचं अक्षर येत होतं, "र".

कोणाला काही लागलं नाही. सरांनी अक्षर लहान केलं आणि लिहिलं, "तुह्या आधी कॅपॅसिटरनं ऐकलं."

*

आता लग्नातला.

आवाजाची एक चांगली गोष्ट आहे. बोललं की संपलं. स्क्रीनवर लिहिलेलं मात्र तुम्ही पुसेपर्यंत तसंच राहतं. शिवाय स्क्रीन समोरच्याला सरळ केल्यापासून सरांना आपल्या छातीवर काय आहे ते दिसत नव्हतं. सकाळी कोणाला तरी "मूर्खा" म्हटलेलं घेऊन ते दिवसभर प्राचार्यांसमोर वावरले आहेत.

सरांच्या पुतणीचा मंगल परिणय आरमोरीला होता. सकाळचं प्रॅक्टिकल उरकून आम्ही माझ्या गाडीवर तसेच निघालो. पोचलो तोवर बुद्धवंदना झाली होती, प्रतिज्ञा झाल्या होत्या आणि पाहुणे भेटायला रांगेत उभे होते. सर रांगेतून पुढे गेले. नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं सरांच्या. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन फिरायचे ते.

नवरी सरांच्या छातीकडे बघत राहिली. नवरदेव पण बघायला लागला. मग नवरीचा बाप. मी मागून मान पुढे काढून पाहिलं.

स्क्रीनवर सकाळच्या प्रॅक्टिकलमधलं होतं, "सगळं चुकलं. पूर्ण सोडून पुन्हा जोड."

नवरीचा बाप म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, हे कालच सांगतलं असतं तर मंडप तरी वाचला असता."

*

घरची हकीकत वहिनींनी सांगितली. वहिनी म्हणजे सरांच्या मिसेस. मी विचारलं, "वहिनी, घरी पण घालते का सर तो डब्बा?"

"घालते ना भाऊ. जेवाले बसले का घालते. पहिले भाजीत मीठ कमी हाय म्हणाले का मी चुलीकडं तोंड करत होती. ऐकलंच नाई. आता आडवे येऊन उभे राह्यते. वाचाच लागते."

"मंग?"

"मंग काय, मी डब्ब्याच्या मांगचं स्विच शोधून काढलं."

*

कमिटीसाठी डॉक्टरचा कागद लागणार होता म्हणून मी आणि सर गडचिरोलीला निघालो. बस भरलेली. कंडक्टरनं विचारलं, "कुठी जाचं भाऊ?" सरांनी स्क्रीन पुढे केला, "गडचिरोली, दोन."

आमच्या लोकांचं एक आहे. माणूस बोलत नाही म्हटलं की त्याला ऐकूही येत नाही असं धरून चालतात. कंडक्टरनं लगेच तोंड मिटलं. आपलं तिकिटाचं मशीन सरांच्या डोळ्यांसमोर धरलं, पैशाचा आकडा दाखवला. मग त्याला सरांच्या खिशातून डोकावणारा कीबोर्ड दिसला. त्यानं तो हातात घेतला आणि एका बोटानं टाइप केलं, "काय झालं?"

सरांनी डबी उचलून आपल्याकडे वळवली, वाचलं आणि कीबोर्ड परत घेऊन लिहिलं, "ऑपरेशन."

कंडक्टर शेजारीच बसला. कीबोर्ड इकडून तिकडे फिरायला लागला. त्याच्या सासऱ्याचं पण असंच झालं होतं. सासरा आता घराबाहेरच निघत नाही, कोणाशी काही नाही, नुसता भिंतीकडे बघत असतो, हे सगळं त्यानं एका बोटानं टाइप केलं. सरांनी त्याला बोर्डाबद्दल सांगितलं, कुमरे मॅडमबद्दल सांगितलं, सासऱ्याला ब्रह्मपुरीला घेऊन ये म्हणून सांगितलं. दोघंही इतके रमले होते की मी मधे तोंड घातलं नाही.

गडचिरोलीला उतरताना सरांनी लिहिलं, "मले ऐकू येते."

कंडक्टर वाचून थिजलाच. "मंग पहिले काऊन नाई सांगतलं?"

सरांनी लिहिलं, "तू इतकं मन मोकळं करून राह्यला होता ना सासऱ्याबद्दल."

तो सासरा नंतर खरंच आला. त्याच्यासाठीची डबी कुमरे मॅडमच्या वर्गानं बनवली. त्यानं सगळ्यात आधी काय लिहिलं ते मी इथे सांगू शकत नाही, पण जावयाबद्दल होतं आणि जावई हसून हसून रडला.

*

आता कमिटीचा दिवस.

चंद्रपूरहून तिघं आले. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनियर. माणूस भला, आवाज मात्र असा की माइकची गरज नाही. सोबत एक मॅडम आणि एक गृहस्थ. तिघं मागच्या बाकावर बसले. वर्ग गच्च भरला. गौरवनं चक्क केस विंचरले होते.

सर दारातून आत आले आणि कीबोर्डची वायर दाराच्या कडीत अडकली. हिसका बसला. मी डबी उघडून पाहिली तर वायरचं सॉकेट बोर्डावरून उपटून हातात आलं. सोल्डर करायला वेळ नव्हता. सत्रभराची मेहनत आणि सरांचा फळा एका कडीपायी जात होता.

शेंडे म्हणाला, "संपलं."

कुमरे मॅडम पुढे आल्या. "सर, स्क्रीनच्या खाली बोर्डाचेच दोन बटण हायेत. चालते का नाई पाहाले म्हणून मी काल त्याच्यात दोन शब्द टाकून ठेवले. डावं दाबलं का 'काऊन?' येते. उजवं दाबलं का 'बरं.' येते. बाकी काईच नाई."

म्हणजे सरांकडे एक 'का?' आणि एक 'बरं' एवढंच उरलं. त्यांनी डबी गळ्यात घातली आणि वर्गासमोर जाऊन उभे राहिले.

फळ्यावर त्यांनी एक बॅटरी काढली आणि तिला सरळ एक एलईडी जोडला. वर्गाकडे वळून गौरवकडे बोट केलं.

"सर, हा एलईडी जळते," गौरव म्हणाला.

सरांनी डावं बटण दाबलं. "काऊन?"

"करंट जास्त जाते सर."

"काऊन?"

गौरवनं डोकं खाजवलं. "त्याले रोकाले मधात काई नाई ना."

"बरं." सरांनी खडू त्याच्या हातात दिला. गौरवनं मधे एक रेझिस्टर काढला आणि मनाला येईल ती किंमत लिहिली. सरांनी किंमतीवर बोट ठेवलं. "काऊन?"

गौरव अडकला. वैष्णवी उठली. तिनं दुसरी किंमत सांगितली. "काऊन?" तिनं सूत्र सांगितलं. "काऊन?" आता मागून तिसरा उठला, म्हणाला, सूत्र बरोबर आहे पण एलईडीचं व्होल्टेज वजा करायला विसरली. वैष्णवी म्हणाली, विसरली नाही, सांगणारच होती. दोघं फळ्याजवळ भांडायला लागले. सर टेबलाच्या कडेला बसून ऐकत होते आणि मधूनमधून एक बटण दाबत होते. फळा पोरांच्या अक्षरांनी भरून गेला. इतका जिवंत तास मी आमच्या कॉलेजात पाहिला नव्हता, सरांचा आवाज होता तेव्हाही नाही.

शेवटी मागच्या बाकावरून कमिटीच्या मॅडमनी हात वर केला. "सर, मी सांगू का?"

सरांनी मान हलवली. मॅडमनी उत्तर सांगितलं. सरांनी डावं बटण दाबलं. मॅडमनी जरा विचार केला, आपलंच उत्तर दुरुस्त केलं आणि मग त्यांना "बरं." मिळालं. मॅडम लाजून खाली बसल्या.

घंटा झाली. कोणी जागचं हललं नाही. अध्यक्ष उठून पुढे आले.

"मेश्राम सर, तास छान झाला. मनापासून सांगतो. पण आमच्यापुढं अडचण हाय. लेक्चर घेणाऱ्याले आवाज पाहिजे."

सरांनी डावं बटण दाबलं. "काऊन?"

"म्हणजे, शिकवणाऱ्याचं मुलांना ऐकू गेलं पाहिजे."

"काऊन?"

"ऐकल्याशिवाय त्यांना समजणार कसं?"

सर बाजूला सरकले, म्हणजे मागचा भरलेला फळा अध्यक्षांना पूर्ण दिसला. मग त्यांनी पुन्हा डावं बटण दाबलं. "काऊन?"

अध्यक्षांनी फळा वाचला. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. एकदा मागे बसलेल्या आपल्या मॅडमकडे पाहिलं. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण या वेळी अगदी हळू बोलला.

"सोमवारपासून तुमचे तास लावून घ्या," ते म्हणाले.

सरांनी उजवं बटण दाबलं.